बॅक्टेरियाकडून झाडांची द्रव्यं बनवून घेणं: सोलापुरात मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापूरची. मायक्रोबायोलॉजी शिकले, नऊ वर्षं बाहेर फर्मेंटेशन प्लांटमधे शिफ्ट केल्या आणि आता परत येऊन इथंच पोरांना शिकवते. लग्नात भेटलेले नातेवाईक, विद्यार्थी, त्यांचे आईवडील, डाळिंबवाले काका, टॉवेलच्या कारखान्यातले ओळखीचे, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून म्हणलं एकदा नीट लिहूनच ठेवावं. काही उत्तरं लांब झालीत कारण तिथं सांगण्यासारखं खरंच खूप आहे.

हे नक्की काय असतं? एकदम साधं करून सांगा.

झाड स्वतःसाठी कितीतरी द्रव्यं बनवतं, रंग, वास, कडूपणा, कीड लागू नये म्हणून विष. त्यातली बरीच आपण औषध म्हणून, मसाला म्हणून, रंग म्हणून वापरतो. झाडाच्या पेशीत हे द्रव्य एका झटक्यात बनत नाही, पाच-दहा-वीस पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला एक एन्झाइम असतं, आणि त्या एन्झाइमची कृती झाडाच्या डीएनएत लिहिलेली असते त्यालाच आपण जीन म्हणतो. आता ती कृती उचलून बॅक्टेरियात घातली, बॅक्टेरियाला साखर खायला दिली, हवा दिली, ऊब दिली, तर तो वाढता वाढता ते द्रव्य बनवतो. दही लावताना विरजण जसं दुधातली साखर खाऊन आंबटपणा तयार करतं तसंच, फक्त इथं काय बनवायचं ते आपण ठरवून दिलेलं असतं.

ही आयडिया नवीन नाहीय. इन्सुलिन १९८२ पासून अशा बॅक्टेरियातून बनलेलं बाजारात आहे, त्याच्या आधी ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढायचे. इन्सुलिन हे एकच प्रोटीन, म्हणजे एकच कृती पुरते. झाडाच्या द्रव्याला कृतींची अख्खी साखळी लागते, आणि एक कडी लंगडी पडली की सगळं तिथंच अडून बसतं.

पण मॅडम, झाड आहे ना? मग एवढा खटाटोप कशाला?

काही झाडांच्या बाबतीत खटाटोप नकोच. हळद शेतात मस्त येते, तिच्यात कर्क्युमिन भरपूर असतं. २००८ मधे जपानी संशोधकांनी ई-कोलाय नावाच्या बॅक्टेरियामधे कर्क्युमिनसारखी द्रव्यं बनवून दाखवली, विज्ञान म्हणून सुंदर काम आहे, पण सांगलीच्या हळदीशी किमतीत कोण भिडणार.

टॅक्सॉलची गोष्ट बघा मग. कॅन्सरचं औषध, अमेरिकेत १९९२ मधे अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. ते यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलं, आणि त्या सालीत ते इतकं थोडं असतं की थोड्याशा औषधासाठी पूर्ण वाढलेली झाडं सोलावी लागायची, साल काढली की झाड मेलं. आपल्या हिमालयातलं थुनेर हे त्याच घराण्यातलं, तेही या मागणीपायी आणि तोडीपायी धोक्यात आलंय. अशा ठिकाणी बॅक्टेरिया वाढवायच्या टाकीतून मिळालं तर झाड वाचतं.

अजून एक उदाहरण, जे तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरात आहे. काळ्या तिखटात आपण घालतो ते चक्रीफूल, त्यात शिकिमिक अॅसिड नावाचं द्रव्य असतं आणि टॅमिफ्लू हे फ्लूचं औषध त्यापासून बनवतात. २००५ च्या सुमारास बर्ड फ्लूची भीती पसरली तेव्हा सगळ्या देशांनी एकदम औषध मागितलं आणि चक्रीफूल कमी पडायला लागलं, कारण ते मुख्यतः दक्षिण चीन आणि व्हिएतनाममधे पिकतं आणि त्याचं झाड काय सहा महिन्यात फळ देत नाही. पण गंमत अशी की शिकिमिक अॅसिड ई-कोलाय स्वतःच बनवतो! त्याला स्वतःची काही अमिनो अॅसिडं बनवायला ते मधल्या पायरीला लागतं. मग संशोधकांनी पुढच्या पायरीचं गेट बंद केलं आणि मागून येणारा माल वाढवला, तर ते साठायला लागलं. रोश कंपनीनं नंतर फर्मेंटेशनचं शिकिमिक अॅसिड वापरात आणलं. इथं झाडाचा एकही जीन घालायची गरज नव्हती, मला हे उदाहरण म्हणूनच फार आवडतं.

झाडाचा जीन बॅक्टेरियाला कळतो कसा?

अक्षरं तीच चार, त्यामुळं वाचता येतं. पण बोलीचा फरक असतो. बहुतेक अमिनो अॅसिडांना एकापेक्षा जास्त शब्द असतात, झाडाला एक शब्द सवयीचा, ई-कोलायला दुसरा. आपल्या सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू चालते तसं समजा, अर्थ पोचतो पण अडखळत. म्हणून जीन ई-कोलायच्या सवयीच्या शब्दांत नव्यानं लिहून घेतात. आता असा जीन कंपनीकडं ऑर्डर केला की छोट्या ट्यूबमधे पांढरट पावडर होऊन कुरिअरनं येतो.

डाळिंबाचंच घ्या. दाण्याचा लाल रंग अँथोसायनिनचा. त्याच्या वाटेवर आधी नॅरिंजेनिन बनतं. सुरुवात टायरोसिन या अमिनो अॅसिडपासून, त्याचं कौमॅरिक अॅसिड, त्याला एक हँडल जोडायचं, मग त्यात मॅलोनिल-कोए नावाचे तीन तुकडे जोडायचे, मग कडं बंद करायचं. चार एन्झाइमं. कागदावर सोपं. अडचण त्या तीन तुकड्यांची आहे, कारण मॅलोनिल-कोए बॅक्टेरियाला स्वतःची चरबी बनवायला लागतं, त्यावर त्याचं आवरण अवलंबून. परातीत पीठ जेवढं तेवढ्याच भाकरी होणार, तुम्ही चार उचलल्या तर घरचे उपाशी. जास्त ओढलं तर पेशी वाढायचीच थांबते, कमी ओढलं तर माल नाही. या क्षेत्रातलं अर्धं काम म्हणजे ही वाटणी नीट बसवणं.

डाळिंबाचा रंग टाकीत बनायला लागला तर आमच्या बागांचं काय?

हा प्रश्न मला एका बागायतदार काकांनी विचारला आणि विचारताना ते खरंच काळजीत होते, म्हणून मी उडवून लावणार नाही.

पहिली गोष्ट, सोलापूरचं डाळिंब लोक खातात, त्याला जीआय, म्हणजे या भागाचं फळ अशी नोंद, मिळालंय, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे ते फळासाठी. फळाला टाकी पर्याय नाही. भिती कुणाला असायला हवी, तर ज्यांचं पीक फक्त एक द्रव्य काढायलाच घेतलं जातं त्यांना. व्हॅनिला, स्टीव्हिया, आर्टेमिसिया.

आर्टेमिसियाचं काय झालं ते सांगते. आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचं औषध, चीनच्या तू योयो यांनी शोधलं, २०१५ ला त्यांना नोबेल मिळालं. पीक चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेतले छोटे शेतकरी घ्यायचे, भाव एक वर्ष आभाळाला, दुसऱ्या वर्षी मातीत, आपल्या कांद्यासारखंच. कॅलिफोर्नियात जे कीसलिंग यांच्या टीमनं ठरवलं की हे सूक्ष्मजीवांतून काढू. २००३ मधे ई-कोलायमधे पहिला टप्पा जमला, २००६ ला यीस्टमधे आर्टेमिसिनिक अॅसिड, म्हणजे औषधाच्या आधीच्या पायरीचं द्रव्य, मिळालं, २०१३ पर्यंत एका लिटरमागं २५ ग्रॅम एवढं नेलं. सॅनोफीनं इटलीत उत्पादन सुरू केलं. आणि मग शेतातल्या मालाचा भाव पडला, किलोला २५० डॉलरच्या खाली गेला, टाकीतला माल ना नफा ना तोटा म्हणलं तरी ३५० ते ४०० ला पडत होता. प्लांट जवळजवळ बंद पडला आणि शेवटी विकला गेला.

म्हणजे विज्ञान जिंकलं आणि बाजारात शेत जिंकलं. काहीजण याला फेल गेलेला प्रोजेक्ट म्हणतात, मला ते पटत नाही, कारण औषधाचा दुसरा रस्ता तयार आहे ही गोष्टच तुटवड्याच्या वर्षी मोलाची आहे. पण शेतकऱ्याच्या बाजूनं विचारायचं झालं तर माझं म्हणणं स्पष्ट आहे: असा प्लांट कुणी काढत असेल तर ते पीक घेणाऱ्यांना आधी सांगितलं पाहिजे, लावण केल्यावर नाही.

सोलापूरच्या कापड धंद्याशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि हा माझा सगळ्यात जवळचा विषय आहे.

माझे वडील डाय हाऊसला होते. संध्याकाळी घरी आले की नखांच्या कडा निळ्या असायच्या, साबणानं घासून, लिंबू लावून सुद्धा जायच्या नाहीत, आणि शर्टाला हायड्रोसचा, म्हणजे रंगकामातल्या सोडियम हायड्रोसल्फाइटचा, तो कुजका, गंधकासारखा वास. नीळ, म्हणजे इंडिगो, पाण्यात विरघळत नाही. सुतात शिरायची तर आधी हायड्रोस टाकून तिचा पिवळट-हिरवा विरघळणारा प्रकार करावा लागतो, मग सूत बुडवून बाहेर काढलं की हवेनं बघता बघता ते निळं होतं. नंतर ते हायड्रोसचं पाणी गटारात जातं ही वेगळीच डोकेदुखी.

पूर्वी नीळ झाडापासून यायची. १८९७ ला जर्मनीच्या बीएएसएफनं कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली आणि भारतातली नीळशेती काही वर्षांत संपत गेली. आजची जीन्स जवळजवळ सगळी त्या केमिकल नीळेवर रंगते आणि तिचा कच्चा माल पेट्रोलियममधून येतो.

आता बॅक्टेरिया कुठं आला? १९८३ मधे अमेरिकेत काही संशोधक वेगळ्याच कामात होते, नॅप्थालीन म्हणजे आपल्या डांबरगोळ्यातला पदार्थ खाणाऱ्या बॅक्टेरियाचे जीन त्यांनी ई-कोलायमधे घातले, आणि वाढ निळी झाली! झालं असं की ई-कोलाय ट्रिप्टोफॅनपासून इंडोल बनवतो, त्या नव्या एन्झाइमनं इंडोलला ऑक्सिजन लावला, आणि तिथून पुढं हवेनंच नीळ तयार झाली.

मी हे स्वतः बघितलंय. एका ट्रेनिंगमधे अशाच एन्झाइमचं क्लोन, म्हणजे तो जीन घातलेला बॅक्टेरिया, होतं, रात्री प्लेट लावली, सकाळी ३७ डिग्रीच्या इन्क्युबेटरमधून काढली तेव्हा ठिपके मळकट पांढरे होते, म्हणलं गेलं काम. प्लेट टेबलावरच ठेवून चहाला गेले, परत आले तर ठिपक्यांच्या मधोमध निळसर छटा, दुपारपर्यंत गडद शाईसारखे. झाकण उचललं की इंडोलचा तो उग्र वास. मला एकदम वडिलांची नखं आठवली आणि त्या दिवशी फोन करून त्यांना सांगितलं की तुमचा रंग मी प्लेटवर उगवलाय. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पक्का आहे का?

रंग पक्का आहे, मॉलिक्यूल तेच आहे. पण धंदा जमला नाही. नव्वदच्या दशकात एका मोठ्या कंपनीनं साखरेपासून नीळ काढायचा रस्ता बराच पुढं नेला होता, पण नीळेबरोबर लालसर इंडिरुबिन यायचं, त्यानं निळीची शेड बिघडायची, आणि डाय मास्टरला शेड बिघडलेली चालत नाही हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. शिवाय केमिकल नीळ स्वस्त.

२०१८ मधे बर्कलीच्या गटानं एक छान युक्ती काढली. नीळेच्या झाडातच असं असतं की नीळ बनायच्या आधीच्या पायरीवर झाड त्याला साखरेची टोपी घालून ठेवतं, म्हणून हिरव्या पानात निळा रंग दिसत नाही. त्यांनी ती टोपी घालणारं एन्झाइम झाडातून घेऊन ई-कोलायला दिलं. टोपीवालं द्रव्य पाण्यात विरघळतं, ते सुतात शिरवायचं आणि मग दुसऱ्या एन्झाइमनं टोपी काढायची की रंग सुतातच बसतो. म्हणजे हायड्रोस नको. अजून ते महाग आहे, पण माझं मत विचाराल तर सोलापूरनं जर या सगळ्या विषयातली एकच गोष्ट लक्ष ठेवून बघायची असेल तर ही बघावी.

ई-कोलाय म्हणजे तोच ना, घाण पाण्यातला, जुलाबाचा?

नाव तेच, पण जात वेगळी. ई-कोलायचे असंख्य प्रकार आहेत, बहुतेक तर तुमच्या-माझ्या आतड्यात निवांत राहतात, काही मोजके प्रकार जुलाब करतात. लॅबमधे वापरतात तो के-१२ हा १९२२ मधे अमेरिकेत एका रुग्णाच्या शौचातून वेगळा केलेला आणि तेव्हापासून प्रयोगशाळेतच वाढलेला. शंभर वर्षं आयतं खाऊन त्याची बाहेर टिकायची ताकद गेलीय, माणसाच्या आतड्यात तो नीट बस्तान मांडू शकत नाही. दुसरा बीएल-२१, तोही तसाच निरुपद्रवी गटातला.

तरीसुद्धा टाकीतला माल काढला की उरलेलं सगळं किल टँकमधे वाफेनं मारूनच सोडायचं असतं. त्यात चालढकल करणारा माणूस माझ्या शिफ्टला असता तर मी त्याला घरी पाठवला असता.

आणि शेवटच्या मालात ते बॅक्टेरिया येतात का?

नाही. पेशी वेगळ्या काढतात, द्रव्य सॉल्व्हंटनं किंवा कॉलमनं शुद्ध करतात, मग क्रिस्टल किंवा पावडर. चीज बनवायला लागणारं रेनेट १९९० पासून अशा सूक्ष्मजीवांतून येतंय, आधी ते वासराच्या पोटातून काढायचे. म्हणजे शाकाहारी लोकांनी तर या तंत्राला उलट धन्यवाद द्यायला हवेत.

बॅक्टेरियाच का? यीस्ट का नाही?

दोन्ही वापरतात, कुठलं निवडायचं हे द्रव्यावर ठरतं. ई-कोलाय जोरात वाढतो, चांगलं खाणं असेल तर २० मिनिटात दुप्पट, म्हणजे हिशोबानं एकाचे १० तासात १०७ कोटी. जीन घालणं सोपं, त्याच्याबद्दल माहिती अफाट.

त्याची कमजोरी म्हणजे पी-४५० गटातली एन्झाइमं. झाडाची कितीतरी द्रव्यं या एन्झाइमांशिवाय पूर्ण होत नाहीत आणि ही एन्झाइमं पेशीच्या आतल्या पडद्यांवर बसून काम करतात. यीस्टमधे तसे पडदे आहेत, ई-कोलायमधे नाहीत, म्हणून तिथं ती एन्झाइमं नीट बसत नाहीत, गोळा होऊन पडतात. आर्टेमिसिनिनच्या पहिल्या टप्प्याचं द्रव्य ई-कोलायनं लिटरमागं २५ ग्रॅमच्या वर दिलं होतं, तरी पुढच्या एका पी-४५० पायरीसाठी अख्खा प्रोजेक्ट यीस्टवर गेला. टॅक्सॉलचंही तसंच, २०१० मधे एमआयटीच्या गटानं ई-कोलायमधे त्याचं मूळ द्रव्य लिटरला साधारण १ ग्रॅम काढलं, पण तिथून खऱ्या टॅक्सॉलपर्यंत बऱ्याच पायऱ्या उरतात.

मग एमआयटीच्याच गटानं २०१५ ला ई-कोलाय आणि यीस्ट दोघांना एकत्र नांदवलं. ई-कोलाय पहिला भाग करणार, यीस्ट दुसरा. ई-कोलायला एक खोड असते, साखर जास्त झाली की तो अॅसिटेट बाहेर टाकतो आणि त्यातच स्वतः गुदमरतो. तर त्यांनी यीस्टला खायला तो अॅसिटेटच ठेवला, म्हणजे एकाची घाण दुसऱ्याचं जेवण, आणि दोघंही जगतात.

अफूतलं औषध पण असं बनतं म्हणे?

लॅबमधे बनलंय. २०१५ ला स्टॅनफर्डच्या गटानं यीस्टमधे २० हून जास्त एन्झाइमं वापरून केलं, २०१६ ला जपानी गटानं ई-कोलायमधे थेबेन हे अफूतलं द्रव्य लिटरला २.१ मिलिग्रॅम काढलं. प्रमाण बघा किती लहान आहे, घरात कुणी गुपचूप करेल ही भिती आज तरी बिनबुडाची. मात्र कायदा आणि असे बदललेले सूक्ष्मजीव कुणाच्या हाती जातात यावरचा पहारा याचा विचार आधीच व्हायला हवा हे मला मान्य आहे.

लॅबमधे जमतं मग फॅक्टरीत का नाही जमत?

माझा खरा विषय हाच. जीन घालणं आता सोपं झालंय, टाकी सांभाळणं अजिबात सोपं झालेलं नाही, आणि बातम्यांत कायम पहिलं येतं, दुसरं कधीच येत नाही.

आधी हिशोब. लिटरला १ ग्रॅम ऐकायला छान वाटतं. १०,००० लिटरची टाकी भरली तर १० किलो. शुद्ध करताना ६०% हाती लागलं तर ६ किलो. आणि त्या ६ किलोसाठी १०,००० लिटर पाणी उकळवून निर्जंतुक करायचं, थंड करायचं, दोन दिवस हवा फुंकायची, ढवळायचं, मग ते सगळं पाणी साफ करून सोडायचं. ज्या शहरानं नळाला चार-पाच दिवसांनी येणारं पाणी बघितलंय तिथं हा हिशोब कागदावर सुद्धा टोचतो.

दुसरं, हवा. फ्लास्कमधे हलवलं की पुरतं. टाकीत वाढ दाट झाली की पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, जो मुळात लिटरला सात मिलिग्रॅमच्या आसपास असतो, तो बॅक्टेरिया काही सेकंदात संपवतात. काही सेकंदात! लाइट गेली आणि जनरेटर यायला मिनिट लागलं तरी तोपर्यंत डीओचा, म्हणजे त्या विरघळलेल्या ऑक्सिजनचा, काटा शून्यावर, अॅसिटेट वर, बॅचचा मूड गेला.

तिसरं, उष्णता. करोडो पेशी खातायत म्हणजे गरमी सोडतायत, आणि टाकी जेवढी मोठी तेवढी तिला बाहेरून थंड करणं अवघड. मे महिन्यात सोलापुरात ४३ डिग्री असताना कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट येतं, चिलर लावा, बिल भरा.

आणि फाज. बॅक्टेरियाला खाणारा व्हायरस. मी ज्या प्लांटला होते तिथली एक रात्र सांगते, नाव नको. पहाटे ५ ला सॅम्पल घेतलं, वाढ उत्तम, दाट, ताकासारखं. ६ ला फेस वाढायला लागला, अँटिफोम मारला, परत फेस. ७ ला सॅम्पल घेतलं तर पातळ आणि चिकट, पिपेटच्या टोकाला तार यायला लागली शेवाळ्यासारखी. ती तार म्हणजे फुटलेल्या पेशींचा डीएनए. अख्खी टाकी दोन तासात मेली होती. नंतर कळलं की हवेच्या फिल्टरचं एक गॅस्केट बदलायचं महिन्याभरापासून लांबवलेलं होतं. पुढचे अकरा दिवस आम्ही भिंती, फरशा, पाइप, सगळं धूत होतो, आणि त्या अकरा दिवसात आमच्या त्या सुंदर डिझाइन केलेल्या जीनचा काडीचाही उपयोग नव्हता.

अजून बारीक गोष्टी आहेत. लॅबमधे जीन प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर, असतो आणि तो टिकावा म्हणून अँटिबायोटिक घालतात, मोठ्या टाकीत ते परवडत पण नाही आणि पटत पण नाही, म्हणून जीन बॅक्टेरियाच्या मूळ डीएनएतच बसवावा लागतो. लॅबमधे जीन चालू करायला आयपीटीजी नावाचं केमिकल घालतात, ते फॅक्टरीच्या हिशोबात सोन्याच्या भावाचं. हे सगळं बदलता बदलता वर्षं जातात.

आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने आहेत, मळीवर चालेल का?

सगळे हाच प्रश्न विचारतात आणि विचारलाच पाहिजे. पण एक मेख आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते: के-१२ ला आपली उसाची साखर खाताच येत नाही! त्याला ग्लुकोज चालतं, सुक्रोज फोडायची सोयच त्याच्याकडं नाही. यीस्टकडं आहे म्हणून डिस्टिलरी मळीवर चालते. ई-कोलायचा डब्ल्यू नावाचा प्रकार सुक्रोज खातो, किंवा के-१२ ला ते जीन द्यावे लागतात, किंवा साखर आधी फोडून घ्यावी लागते.

दुसरं, मळी काळी असते, क्षार भरपूर. अल्कोहोल वाफ होऊन वेगळं निघतं त्यामुळं डिस्टिलरीला फरक पडत नाही, पण तुमचं द्रव्य वाफ होणारं नसेल तर त्या काळ्या चिखलातून पांढरी पावडर काढणं म्हणजे खर्चच खर्च. माझ्या मते सुरुवात उसाच्या स्वच्छ सिरपवर करावी, मळीवर नाही. मात्र वाफ, बगॅसवरची वीज, टाक्या चोवीस तास चालवणारी माणसं, हे जिल्ह्यात तयार आहे आणि ते लहान भांडवल नाही.

यानं तेल्या तर नाही ना वाढणार?

नाही. डाळिंबावरचा तेल्या झॅन्थोमोनस नावाच्या वेगळ्याच बॅक्टेरियामुळं येतो. ई-कोलाय के-१२ पानावर काही करू शकत नाही.

परवानगी कुणाची लागते?

आपल्याकडं १९८९ चे नियम आहेत, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे. संस्थेची स्वतःची जैवसुरक्षा समिती लागते, तिच्यावर आरसीजीएम, त्याच्यावर जीईएसी, या दोन्ही केंद्राच्या समित्या. खाण्यात जाणार असेल तर अन्नसुरक्षेची एफएसएसएआय, औषध असेल तर औषधाचे नियम. २०२४ मधे केंद्रानं बायो-ई-३ धोरण मंजूर केलंय, ते अशाच बायोमॅन्युफॅक्चरिंगसाठी आहे. कागद वेळखाऊ आहेत, पण ते टाळून कुणी शॉर्टकट सांगितला तर त्या माणसापासून लांब राहा.

कॉलेजच्या प्रोजेक्टला किंवा घरी करून बघता येईल का?

घरी नाही. जीन बदललेला जीव समितीच्या मान्यतेशिवाय हाताळायचा नसतो. पण जे खरं कौशल्य आहे ते जीन न बदलता शिकता येतं. साधं बेकरीचं यीस्ट घ्या, गुळाचं पाणी घ्या, दर दोन तासाला पीएच, तापमान, साखर मोजा आणि वहीत लिहा. एकदा सगळी साखर सुरुवातीलाच घाला, एकदा थोडी थोडी घाला, दोन्ही आलेख शेजारी ठेवा. माझ्या एका विद्यार्थिनीनं हे केलं आणि तिला फेड-बॅच, म्हणजे खाणं थोडं थोडं देत चालवलेली बॅच, का करतात ते मी तीन लेक्चरमधे सांगून कळलं नव्हतं ते एका रात्रीत कळलं.

पोरीला या लाइनला घालायचंय, काय शिकू दे?

मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, केमिकल इंजिनिअरिंग, कुठूनही येता येतं. क्लोनिंग शिकणारे खूप झालेत, टाकी समजणारे कमी आहेत, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न टाकीचाच येतो. वाल्व कुठल्या क्रमानं उघडायचे, वाफ किती वेळ धरायची, डीओ पडला तर आधी हवा वाढवायची की ढवळणं. सुट्टीत तिला एखाद्या डिस्टिलरीत पंधरा दिवस रात्रपाळीच्या ऑपरेटरशेजारी उभी करा. ओळख काढावी लागेल, पण आपल्या जिल्ह्यात कुणाचा ना कुणाचा मामा कारखान्यात असतोच. जाताना वही न्यायला सांगा, आणि सेफ्टी शूज, चप्पल घालून गेटच्या आत घेत नाहीत.